कोटाला ऊन

वाघलवाडी, बिडकीनजवळ
नागपंचमीचा दुसरा दिवस, १९६३

रामकिसन भावजी,

पत्ता फकिरानं दिला. त्याच्यावर राग काढू नका. सरकी घेऊन तो हैदराबादला आला होता, तेव्हा अफजलगंजला छापखान्याच्या दारात तुम्हाला बघितलं त्यानं. परत आला तो ट्रक बंद करायच्या आधीच वेशीतून ओरडत, "भाबी, तुम्हारा देवर जिंदा है, मैं देख्या!" या घरात कुणी जिवंत असल्याची बातमी आली की आता आधी खाली बसून घ्यावं लागतं बघा.

तुमच्या दादांनी तुम्हाला दोन पत्रं धाडली. दोन्ही न फोडता परत आली. म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच, रझाकारी संपल्यावर पैठणला मराठी शाळा निघाली तेव्हाची. अक्षराला हसायचं नाही. ज्याला आपल्या हातानं अग्नी दिला त्याचं अक्षर बघून अंगावर काटा येत असेल, ते मला समजतं. पण मी काही मेले नव्हते. माझं वाचा.

तुम्ही सगळं पाप एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलात, म्हणून जुनं उगाळते. चीनच्या लढाईतून तार आली त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. मग पलटणीतला कुणी म्हणाला, पुंजारामला नदीत पडताना पाहिलं. त्यात आईंना रोज तेच सपान. "पुंजा काकडतोय. म्हणतोय, आये, लई थंडी हाय, आग दे." त्या माउलीला कुणी काय समजावणार? तात्यासाहेब काकांनी निकाल देऊन टाकला की आत्मा घुटमळतोय, क्रिया करून मोकळं करा. माघात पैठणला गंगेवर पळसाच्या पानांचा माणूस केला, नारळाचं डोकं लावलं, आणि त्याला तुम्ही अग्नी दिलात. इकडं माझ्या बांगड्या फोडल्या.

आणि दहाव्याला कावळा शिवेना. ऊन उतरलं तरी शिवेना. तुम्ही म्हणे हात जोडून कबूल करत होता, आईला सांभाळीन, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा झाडावर बसून नुसता बघत होता. तेव्हा तुम्ही ओरडलात, "दादा जित्ता हाय! कावळा सांगतोय तुमाला!" तात्यासाहेबांनी दंड धरला तुमचा. "भावाला उपाशी ठेवतो का रे?" मग दर्भाचा कावळा करून तुमच्या हातानं पिंडाला शिववला. भावजी, घाटावर एवढी शहाणी माणसं बसली होती, खरं बोलला तो एक कावळा आणि एक तुम्ही. मग पळून तुम्हीच का गेलात?

जेठात हे परत आले, तिबेटातल्या कैदेतून, हाडांचा सापळा होऊन. ऐन उन्हात खांद्यावर कापसाचा जाड कोट. तुम्ही बैल सोडत होता. यांनी "रामकिसन" म्हणून हाक मारली, तुमच्या हातातलं दावं गळालं, आणि तुम्ही जे चालायला लागलात ते अजून चालताय.

पुढं काय झालं ते ऐका आणि हसून घ्या. पैठणहून दत्तोपंत आले. क्रिया त्यांनीच सांगितलेली, त्यामुळं यांना ओसरीवर चहा पिताना बघून ते पायरीवरच खाली बसले. पोथ्या उलटल्या आणि म्हणाले, "ज्याची क्रिया झाली तो मेला. आता हा आलाय म्हणजे याला नव्यानं जन्म घ्यावा लागेल. बारसं, जावळ, सगळं. लग्नसुद्धा." तात्यासाहेब म्हणाले, "लग्न कुणाशी?" दत्तोपंत म्हणाले, "हिच्याशीच." तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

मग यांच्या अंगाला तूप चोपडून आईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. तेवढ्यात खालच्या वस्तीवरची साळूबाई सुईण अंगणात येऊन उभी. तात्यासाहेब म्हणाले, "तू कशाला आलीस?" ती म्हणाली, "पयल्या खेपंला मीच व्हते. नाळ मी कापली. आता दुसऱ्या खेपंला काय न्हाव्याला बोलावता?" काका बाजूला सरले. तिनं यांच्या पोटाला कच्चं सूत गुंडाळलं आणि विळ्यानं कापलं. भावजी, परत आल्यापासून या माणसाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. ते सूत तुटलं आणि हे लहान लेकरासारखे रडले. अख्खी आळी रडली. मग पाळणा बांधला. त्यात यांचं डोकंच तेवढं मावलं, मिशांसकट. भागूआत्यानं कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं, पुंजाराम. सगळे म्हणत होते नवं नाव ठेव. ती म्हणाली, "जुनं काय वंगाळ व्हतं?"

तेव्हापासून गावातली पोरं यांना 'बाळदादा' म्हणतात. हे ओ देतात.

आणि मी एकाच नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न लावलं. बायका एकदाच्यालाच पस्तावतात, मी बघा.

तुमची खोली झाडून ठेवली आहे.

तुमची वहिनी,
द्वारका


वाघलवाडी
पितरपाट, १९६५

भावजी,

तुमचं उत्तर येत नाही, पण माझी पत्रं परत येत नाहीत. त्याला मी उत्तर समजते.

मुलगी झाली आहे. सरू. तुम्ही फकिराजवळ दिलेलं अंगडं तिला बरोबर बसलं. "छापखान्यात पडून होतं" असं सांगायला लावलंत म्हणे त्याला. छापखान्यात लेकरांची अंगडी छापतात का हो?

हे तुमच्याकडं येऊन गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. फकिराच्या ट्रकमध्ये बसून आले, छापखान्याच्या दारात उभे राहिले, आणि तुम्ही मागच्या दारानं गेलात. घरी येऊन मला म्हणाले, "पळण्यात अजून पयला नंबर हाय त्याचा." आणि हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. मी म्हटलं मला सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, "आधी त्याला. तोंडी." असला हट्टी माणूस.

फकिरा एक सांगत होता ते खरं का? तुम्ही काडी ओढत नाही म्हणे. खोलीत चूल नाही, खानावळीत जेवता, दिवासुद्धा शेजाऱ्याकडून लावून घेता. ऐकून मला कसंतरी झालं. आईंना सांगितलं नाही.

यांचं सांगते. पलटणीतून नाव कमी करून घेतलं. मला वाटलं आता शेत बघतील, संसार बघतील. कसलं काय! म्हणतात, "पयला जलम आईबापाचा आन सरकारचा झाला. ह्यो दुसरा गावानं दिलाय. गावाचं देणं हाय." मी म्हटलं, आणि लग्न? ते कुणी दिलं? तर म्हणाले, "म्हणून तर रात्रीला घरी येतो." बोलण्यात हरवायची सोय नाही. सकाळी भाकरी बांधून जे निघतात, आज याचा बांध, उद्या त्याची भिंत, कुणाच्या बाळंतिणीला गाडीत घालून बिडकीनला. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, आणि दारातून जाताना बघितलं की डोळा काढवत नाही. असं कसं हो होतं माणसाचं?

तो कोट मात्र घरात आहे. मळका, फाटका, एका बाहीवर काळा डाग. मी बोहारणीला द्यायला काढला, तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. स्वतः कधी अंगात घालत नाहीत. पितरपाट आला की पेटीतून काढतात, माळवदावर उन्हात घालतात आणि दिवसभर त्याच्यापाशी बसतात. खाली या म्हटलं तरी येत नाहीत. आज पण वरच आहेत. विचारलं की म्हणतात, "ऊन दाखवतोय."

द्वारका


औरंगाबाद
होळीच्या आधीचा आठवडा, १९७३

भावजी,

पत्ता बघून घाबरू नका. कामासाठी शहरात आलो आहोत, पैठण गेटजवळ भागूआत्याच्या लेकीकडं उतरलो आहोत. यांना थोडं लागलं आहे. किरकोळ आहे.

दुष्काळाचं तुम्ही ऐकून असाल. जनावरं कधीच गेली. माणसं सुकडी खाऊन खडी फोडतात. पाण्याला तर विचारूच नका. अशात यांनी विहिरी खोदायचा घाट घातला. पलटणीत सुरुंग लावायचंच काम होतं ना यांचं, तिकडं पूल उडवायचे, इकडं खडक. गावातली दहा-पंधरा पोरं हाताशी धरली, त्यांना कवायतीसारखं शिकवलं. बार लावला की शिट्टी, शिट्टी झाली की सगळ्यांनी बांधाआड.

पहिली विहीर कुठं, यावर गाव भांडलं. तात्यासाहेब म्हणाले, वरच्या आळीत. तिथं देऊळ आहे, घरं जास्त आहेत. हे म्हणाले, "खालच्या वस्तीवर. साळूबाईच्या दारात." काका काठी आपटून म्हणाले, "का रे?" हे म्हणाले, "जिनं माझी दोनदा नाळ तोडली, तिनं पाण्यासाठी वरच्या विहिरीवर ताटकळत उभं ऱ्हायाचं का? आधी तिथं लागंल, मग तुमच्या दारात." काका महिनाभर बोलले नाहीत. आता सगळी वरची आळी घागरी घेऊन साळूबाईच्या दारात रांगेत असते आणि ती खाटेवर बसून सांगते, "ढकलाढकली नाय करायची." तात्यासाहेबांची सूनसुद्धा मुकाट ऐकते.

पण ते पाणी लागायच्या आधीचं सांगायचं आहे. शेवटच्या थराला बार लावले, सगळे उडाले, एक उडाला नाही. आत सुरुंगाचा तोटा तसाच, आणि वर सगळं गाव तहानलेलं. पोरं म्हणाली आम्ही उतरतो. यांनी सगळ्यांना बांधाआड बसवलं. मला कुणीतरी सांगत आलं, मी तशीच पळत गेले, डोक्यावर पदर नाही की पायात वहाण. काठावर उभी राहून म्हटलं, "सरू आठ वर्षांची आहे. पाटीवर 'बाबा' लिहिते ती. वर या." हे दोराला धरून होते. वर बघून म्हणाले, "द्वारका, मी एकदा मेलेलो हाय. बाकीच्यांची पयलीच खेप हाय. कुणी उतरायचं, तूच सांग."

काय सांगणार होते मी? तुम्ही सांगा. तुम्ही तरी काय सांगितलं असतं?

मी बांधाआड जाऊन बसले. कान झाकले नाहीत.

पाणी लागलं, भावजी. गोड आहे.

यांचं किरकोळ आहे असं मी वर लिहिलं आहे, ते तसंच वाचा. त्यांनी मला बजावलंय की रामकिसनला जास्ती कळवायचं नाही, तो त्याचंही पाप स्वतःच्याच डोक्यावर घेईल.

वहिनी


वाघलवाडी
दिवाळीचा पाडवा, १९७५

भावजी,

डावा डोळा गेला. दोन वर्षं लपवलं, आज मला लपवायचा कंटाळा आला. फकिरानं तुम्हाला सांगितलं असेल असं मी धरून चालले होते, तर तो म्हणतो, "भाबी, मेरी हिम्मत नहीं हुई." एवढा मोठा ट्रक चालवतो आणि हिंमत नाही म्हणे. विहिरीत त्या बारानं डोळा नेला. हे म्हणतात, "एका डोळ्यानं नेम चांगला लागतो." आणि चेष्टा पुरे झाली म्हटलं की त्या डोळ्यावरचं फडकं पोरांना दाखवतात. पोरं पळत सुटतात, हे मागं.

आज दुसऱ्याच कारणानं लिहिते. नाथसागराचं पाणी चढतंय. धरणात गावंच्या गावं चाललीत. हे बैलगाड्या जोडून वरच्या अंगाच्या खेड्यांवर जातात, लोकांना सामानासकट काढतात. तिथंही पलटणीचीच रीत, आधी म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या, मग जनावरं, मग देव, शेवटी दारं-खिडक्या. एका गावात एक म्हातारा उठेनाच. म्हणाला, माझ्या बापाची राख इथल्या मातीत हाय. हे त्याच्यापाशी जमिनीवर बसले. बराच वेळ बसले. मग त्या जागची पाटीभर माती घमेल्यात भरली, म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हाताऱ्याला गाडीत ठेवलं. शेजारच्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मी पीठ मळत होते. माझे हात तसेच राहिले. आपण या माणसाला मीठ कमी झालं म्हणून बोलतो आणि हा बाहेर असं काहीतरी करून येतो. मला अजून कळलेला नाही हा माणूस, भावजी. दोन लग्नं लावली तरी.

तर आता त्यातली तीन घरं आपल्याकडं राहतात. माझ्या स्वयंपाकघरात दोन चुली जास्तीच्या. ओसरीत माणसं, गोठ्यात माणसं. आमची खोली दिली, आम्ही माळवदावर झोपतो. एका बाईनं विचारलं, "ती कोपऱ्यातली खोली रिकामी हाय, आमी तिथं ऱ्हातो की." हे म्हणाले, "ती रिकामी नाय. तिथं माझा भाऊ ऱ्हातो." बाईनं बिचारीनं गाठोडं परत उचललं. नंतर मला हळूच म्हणाली, "भाऊ दिसले नाय वो कधी."

मी तिला काय सांगू? काल तुमच्या खोलीला चुना दिला. दर दिवाळीला देतात. स्वतः देतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

द्वारका


वाघलवाडी
पौष, १९८०

भावजी,

आधी सगळं बाजूला ठेवून हे वाचा. आई जातात.

गेल्या आठवड्यात औरंगाबादला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला. त्यांना काही आवडत नाही. एकच धरून बसल्या आहेत. बापाचा अग्नी थोरल्याचा, आईचा धाकट्याचा. "माझा अग्नी रामकिसनचा. पुंजानं हात लावायचा नाय. तो येत नसंल तर मला तशीच ठेवा." आता बोला. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं की तुम्ही काडीसुद्धा ओढत नाही. परवा सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ती आग मीच मागितली व्हती."

मग यांना जवळ बोलावलं. मी पायाशी बसले होते. म्हणाल्या, "पुंजा, खरं सांग. तुला तिथं थंडी वाजत व्हती का रे? का मला उगाच सपान पडायचं?"

भावजी, हे त्या कैदेबद्दल कधी कुणाशी बोलले नाहीत. सतरा वर्षं एका शब्दानं नाही. आईंनी विचारलं आणि बोलले.

म्हणाले, "वाजत व्हती, आये. लई वाजत व्हती."

मग जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. त्यांनीच सांगितलं, "आता लिही त्याला. समोर सांगायचं व्हतं, पर आईनं आधी विचारलं."

कैदेत यांच्या शेजारी गढवालचा एक जण होता, केदारसिंग. छातीत कफ भरून तो गेला, माघातच. जायच्या आधी अंगातला कोट काढून यांच्या अंगावर घातला आणि म्हणाला, "मुझे अब नहीं लगती." यांनी परत त्याच्या अंगावर टाकला, त्यानं परत काढला. हे म्हणतात, तो कोट नसता तर मी वसंत बघितला नसता. बाहीवरचा डाग त्याच्या खोकल्याचा आहे. आणि मी तो कोट बोहारणीला द्यायला निघाले होते.

तिथली जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा खणता येईना, जाळायला लाकूड नाही. बर्फ बाजूला सारला आणि त्याला ठेवला, वर दगड रचले. ना अग्नी, ना पाणी, ना पिंड. हे म्हणाले, "मी त्याच्यापाशी उभा राहून म्हटलं, केदार, माझ्याकडं तुला द्यायला काडी पण नाय रे. कुणीतरी दे रे त्याला, कुणीतरी दे. एवढंच म्हणत व्हतो."

"आन घरी आलो तर समजलं, त्याच माघात माझ्या नावानं पैठणला कुणीतरी अग्नी दिला. दहा दिस केलं. गंगेवर केलं. आये, मी तर जित्ता व्हतो. मग ते गेलं कुणाला?"

आईंनी त्यांचा हात धरला. हेच पुढं म्हणाले,

"कावळा माझ्या पिंडाला कसा शिवंल? तो पिंड माझा नव्हताच. रामकिसननं केलं ते केदारसिंगचं केलं. ज्यानं मला जगवलं त्याचं केलं. हे त्याला सांगायला मी हैदराबादला गेलो तर हा मागच्या दारानं पळाला."

भावजी, मी बाहेर आले आणि रांजणापाशी उभी राहून पोटभर रडले. तुम्ही सतरा वर्षं पाप म्हणून जे उरावर घेऊन फिरताय, ते या माणसानं सतरा वर्षं पुण्य म्हणून उन्हात घातलं. दर पितरपाटाला. माळवदावर. आणि मी खालून ओरडत होते, जेवायला या म्हणून.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. फकिराच्या हाती देते. तो ट्रक चालूच ठेवून तुमच्या दारात उभा राहील. मागच्या दारानं गेलात तर तिथं त्याचा क्लीनर उभा आहे.

चला. तुमची आई थांबली आहे.

द्वारका


वाघलवाडी
तेराव्याची संध्याकाळ

भावजी,

हे पत्र मी तुमच्या पिशवीत धपाट्यांच्या खाली ठेवते. धपाटे आधी खा. गाडीत वाचू नका, रडणारा माणूस गाडीत वाईट दिसतो.

समोर बसून तुमच्याशी धड बोलता आलं नाही. एवढ्या वर्षांची लिहायची सवय, तोंडानं जमेना. तुम्ही पण तसलेच. आल्या दिवशी दारात उभे राहिलात, केस पांढरे, आणि आईंनी मान वळवून काय विचारलं? "जेवलास का?" सतरा वर्षांनी. तुम्ही म्हणालात, "न्हाय." मी पळत आत गेले, कारण मला ना हसता येत होतं ना रडता. दोन दिवस तुमच्या हातून पेज पिऊन त्या गेल्या.

त्या सकाळचं मला लिहून ठेवायचं आहे.

मडक्यात गोवरी ठेवली होती. तुमच्या हातात काडेपेटी दिली. अंगणात सगळं गाव उभं, दत्तोपंतांचा मुलगा उभा, आणि तुम्ही नुसते त्या पेटीकडं बघत होता. माणसांनी नजर वळवली. तात्यासाहेब आता थकले आहेत, खुर्चीत बसून होते, त्यांनी पण मान खाली घातली. हे तुमच्याजवळ आले, म्हणाले, "वढ." एवढंच. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. मी तुमचा चेहरा बघत होते. तुम्ही आगीकडं बघत नव्हता, दादांकडं बघत होता, हे खरंच आहेत का म्हणून.

वारं केवढं सुटलं होतं! पुढं तुम्ही मडकं घेऊन, मागं आई. वेशीपाशी गोवरी विझायला आली, धूर पण दिसेना. तुम्ही थांबलात. तेव्हा यांनी काय केलं? खांद्यावर तो कोट होता. सकाळीच पेटीतून का काढला ते मला तेव्हा कळलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी पसरला, तुमच्या अंगाला अंग लावून वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले, आणि तसेच चालत राहिले. वेशीपासून मळ्यापर्यंत. एका डोळ्याचा माणूस, डाव्या बाजूचं दिसत नाही, दोनदा ठेचकाळले, पण कोट खाली घेतला नाही. मला वेशीपर्यंतच येता आलं. तिथून मी तुमच्या दोघांच्या पाठी बघितल्या. मध्ये तो कोट. धूर परत यायला लागला होता.

मी तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. कुणाला ते मलाच ठाऊक नाही. आईंना असेल, केदारसिंगला असेल. यांना टेकलं असतं तर हसले असते.

दहाव्याचं तुम्हाला माहीत आहे, पण मी फकिराकडून चारदा ऐकून घेतलं. पिंड ठेवून तुम्ही हात जोडायला गेलात, आणि कावळ्यानं मागं सरायलासुद्धा वेळ दिला नाही. हे घाटावर मोठ्यानं हसले. दत्तोपंतांच्या मुलाला आवडलं नाही ते. नसू दे.

आता पिशवी जड का आहे ते सांगते. तळाशी कोट आहे. मी यांना म्हटलं, "अहो, हैदराबादेत कसली आलीय थंडी? त्यांना काय करायचाय?" तर म्हणाले, "सतरा वर्सं मी सांभाळला. केदारला पाणी रामकिसननं दिलं, आता थोडे दिस त्याच्याकडं राहू दे." मी म्हटलं, "आणि पितरपाटाला?" म्हणाले, "ऊन लागंलच की. हैदराबादचं नको म्हणावं त्याला. आपल्या माळवदावरचंच लागतं."

तेव्हा भादव्यात कोट घेऊन या. विसरलात तर फकिरा आहेच, आणि त्याचा क्लीनर.

खोलीला मी कुलूप लावलेलं नाही.

वहिनी